‘वाडीत सगळे ओळखीचेच’ या संदेशाला उत्तर

आमच्या तालुक्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. कोकणातल्या वाडीत सगळे ओळखीचे असल्याने सुरक्षित-असुरक्षित स्पर्शाचे धडे शहरांनाच लागतात, त्याने मुलांच्या डोक्यात नको ते भरते, आणि काही घडलेच तर तो घरचा मामला असल्याने शिक्षकांनी त्यात पडू नये, नाहीतर तेच अडकतील, असा त्याचा आशय आहे.

पहिला मुद्दा मुळातच उलटा आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे आणि विश्वासातलेच आढळले. आईवडील मुंबईला आणि मूल आजीपाशी, अशी घरे आपल्याकडे थोडी नाहीत. तिथे ओळखीच्या माणसाला पडवीपाशी कोणी थांबवत नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर फार लिहायला नको. विहिरीच्या काठावर जाऊ नको म्हटल्याने कोणी पोर विहिरीत उडी घेत नाही. उलट, अवयवांची नावेच ठाऊक नसलेले मूल तक्रार कोणत्या शब्दांत करणार?

तिसरा मुद्दा मात्र घातक आहे. २०१२ च्या पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती किंवा नुसती शंका असली तरी पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि सद्भावनेने कळवणाऱ्याला त्याच कलमाने संरक्षण दिले आहे. घडलेला गुन्हा न कळवणाऱ्याला मात्र कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे शिक्षक अडकतो तो गप्प राहिल्याने.

माझ्या वर्गातली एक मुलगी शाळा सुटली की दप्तराचा पट्टा सोडून पुन्हा बांधत बसायची, वर्ग रिकामा झाला तरी. चार दिवसांनी मी शेजारी बसून, ‘साकवाकडून जायचं नाही का?’ एवढेच विचारले. ती जे बोलली ते मी तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून घेतले, खोदून काही विचारले नाही आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असे खोटे वचनही दिले नाही. साध्या कपड्यांत आलेल्या महिला उपनिरीक्षकांनी तिचा जबाब घरीच घेतला. कलम २४ मध्ये तशीच तरतूद आहे. दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली तेव्हा तिला कोणी काही विचारले नाही, कारण मुख्याध्यापक आणि मी सोडून शाळेत कोणाला काही ठाऊकच नव्हते. जागा तिने स्वतः बदलून मागितली, दाराजवळची. आणि वरच्या वाडीतल्या दोघी मुली तिच्याबरोबर निघू लागल्या.