ते पिवळं कासव नव्या जातीचं नाही

पिवळ्याधमक कासवाचे फोटो ‘नवी जात सापडली’, ‘घरात ठेवा, लक्ष्मी येते’ असं सांगत फिरतायत. दोन्ही साफ खोटं. हे कासव जुलै २०२० मध्ये ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यात सापडलं होतं. आपल्या तळ्यांत, भातखाचरांत दिसणारं साधं, मऊ पाठीचं फ्लॅपशेल कासवच ते. रंगद्रव्य नसल्याने अंग पिवळं, डोळे गुलाबी. मऊ पाठीच्या कासवाची जात नुसत्या रंगावरून ठरवू नये. फोटोत पोटाची बाजू दिसत असेल तर नीट पाहा: मागचे पाय आत घेतले की त्यांवर कातडी झडपा मिटतात, ते फ्लॅपशेल. दख्खनच्या नद्यांतल्या लीथच्या कासवाला (हीही मऊ पाठीचीच एक जात) झडपा नसतात. त्याच्या पिल्लांच्या पाठीवर मात्र डोळ्यांसारखे ठिपके असतात. आणि कृपा करून कासव घरी नेऊ नका, तो गुन्हा आहे. वनखात्याला कळवा.