‘आधार नसेल तर केसपेपर काढू देऊ नका’ या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या आमच्या पेठेच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘निर्वासितांना सरकारी दवाखान्यात सगळं फुकट, आपली माणसं मात्र रांगेत. त्यांना कायद्यानं कसलाच हक्क नाही, वर ते रोग पसरवतात. आधार नसेल तर केसपेपर काढू देऊ नका.’ तो पुढे पाठवणाऱ्यांत माझी जवळची माणसं आहेत, म्हणून लिहितोय.

आधी कायद्याचं. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, हे खरं. पण आपल्या घटनेचं एकविसावं कलम जगण्याचा हक्क ‘व्यक्ती’ला देतं, फक्त नागरिकाला नाही. १९९६ साली चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. त्याच वर्षी पश्चिम बंगालमधल्या एका खटल्यात न्यायालयानं असंही म्हटलं, की तातडीच्या रुग्णाला सरकारी रुग्णालयानं परत पाठवणं म्हणजे याच हक्काचा भंग.

‘सगळं फुकट’ हे तर साफ चूक. मोठ्या उपचारांचा खर्च उचलणाऱ्या राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेला रेशनकार्ड किंवा अधिवासाचा दाखला लागतो. निर्वासिताकडे फार तर संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाचं कार्ड असतं, त्यावर ही योजना मिळत नाही. म्हणजे मोठं ऑपरेशन निघालं तर त्याला कर्ज किंवा वर्गणी. त्याला मिळते ती ओपीडी, लस, बाळंतपण. आणि आपल्या सिव्हिलमधली रांग? ती डॉक्टर आणि खाटा कमी पडतात म्हणून आहे. तिथं विजयपूर, कलबुर्गीहूनही माणसं येतात. त्यांना कोणी अडवत नाही, अडवूही नये.

रोगाचं म्हणाल तर टीबी घ्या. हवेतून पसरणारा हा आजार कुणाचंही कार्ड बघत नाही. औषध सुरू झालं की रुग्णाकडून होणारा संसर्ग झपाट्यानं कमी होतो, पण कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो आणि मध्येच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. खिडकीवर हाकललेला माणूस घरी जातो, खोकतो, कामावर जातो. त्याला औषध देण्यात शेजाऱ्याचंही रक्षण आहे.

खरी अडचण वेगळीच असते: भाषा. हैदराबादच्या बाळापूरमध्ये राहणाऱ्या रोहिंग्या बाईला डॉक्टरांपुढं आपलं दुखणं सांगता येत नाही. हे सोलापूरकराला समजायला हवं. आपल्या पूर्व भागातली तेलुगू बोलणारी आजी केसपेपरच्या खिडकीवर नातवाला घेऊन जाते ती कशासाठी?

आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले. परक्या देशात ते चिनी भाषा शिकले आणि जखमींवर उपचार करत १९४२ मध्ये तिथंच गेले. त्यांच्या स्मारकासमोरून रोज जाणाऱ्या माझ्या मित्रांनो, मेसेज पुसून टाका. आणि तुमच्या वाड्यात कोणी निर्वासित गरोदर बाई असेल, तर तिच्याबरोबर सिव्हिलला जा, केसपेपर काढा, औषधांच्या वेळा तिच्या भाषेत सांगणारं कोणी तरी शोधून द्या. ते जमत नसेल तर मला सांगा, मी येतो.