औषध लिहिले जाते तिथे फार्मासिस्ट हवा

रुग्णालयातील फार्मासिस्टचे काम नेमके कुठे सुरू होते, याबद्दल आमच्याच व्यवसायात एकमत नाही. औषधपत्र औषधभांडाराच्या खिडकीवर आले की काम सुरू होते आणि योग्य औषध योग्य रुग्णाच्या नावाने बाहेर गेले की ते संपते, असे मानणारे अनेक सहकारी आहेत आणि ते आपले काम अत्यंत चोख करतात. माझे मत वेगळे आहे. कोणते औषध द्यायचे, किती आणि किती दिवस द्यायचे, हे जिथे ठरते तिथे फार्मासिस्ट हजर असला पाहिजे आणि त्या निर्णयाच्या परिणामाची जबाबदारीही त्याने स्वतःच्या नावावर घेतली पाहिजे. यातल्या पहिल्या अर्ध्या भागाची मागणी आम्ही नेहमीच करतो. दुसऱ्या अर्ध्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

खिडकीवर आलेल्या कागदावर औषधाचे नाव, मात्रा आणि वेळा असतात. रुग्णाचे वय बहुधा असते, वजन क्वचित असते आणि मूत्रपिंडे कशी काम करत आहेत हे जवळजवळ कधीच नसते. एक साधा हिशेब पाहा. ८० वर्षे वयाच्या, ४५ किलो वजनाच्या स्त्रीच्या रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) १.२ आले, तर अहवालातला तो आकडा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. मात्र कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ साली मांडलेल्या आणि औषधाची मात्रा ठरवताना आजही वापरल्या जाणाऱ्या सूत्रात हे आकडे घातले, तर तिच्या मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे २७ मिलिलिटर निघते. ३० वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाचे क्रिएटिनिन तेवढेच असेल, तर उत्तर ८९ च्या आसपास येते. आता या स्त्रीला पायातील रक्ताच्या गुठळीसाठी एनॉक्सापॅरिन हे रक्त गोठू न देणारे इंजेक्शन वजनाप्रमाणे पूर्ण मात्रेत दिवसातून दोनदा लिहिले गेले, तर ते शरीरात साचत जाईल आणि रक्तस्रावाचा धोका वाढेल, कारण क्षमता ३० च्या खाली गेल्यावर ते दिवसातून एकदाच द्यायचे असते. औषधपत्राचे अक्षर सुवाच्य आहे, औषध आजाराला योग्य आहे, मात्रा पुस्तकाबरहुकूम आहे. खिडकीमागच्या कितीही हुशार माणसाला यात काही खटकणार नाही, कारण जे खटकायला हवे ते त्याच्यापर्यंत पोहोचलेलेच नाही.

वॉर्डात गेल्यावर दिसणाऱ्या गोष्टी तर कोणत्याच कागदावर नसतात. औषध हळूहळू सुटावे म्हणून बनवलेली गोळी नाकातील नळीतून देण्यासाठी कुटली जात असते आणि दिवसभराची मात्रा एकदम पोटात जाते. फिटवरचे फेनिटॉइन नळीवाटे चालू असलेल्या आहाराबरोबरच दिले जाते, त्यामुळे त्याचे शोषण घटते. फिट आवरत नाही म्हणून मात्रा वाढवली जाते आणि पुढे आहार बंद झाला की त्याच वाढीव मात्रेने रुग्णाला गुंगी येऊ लागते. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचे मेथोट्रेक्सेट, घरची औषधे घाईत उतरवून घेताना, रोजचे म्हणून लिहिले जाऊ शकते. ही शेवटची चूक जगभरात पुन्हा पुन्हा झालेली आहे आणि तीत अस्थिमज्जा काम करेनाशी होऊन रुग्ण दगावलेले आहेत. ती पकडायला फार मोठे ज्ञान लागत नाही; रुग्णाशेजारी किंवा नातेवाइकांशेजारी बसून, घरून आणलेल्या गोळ्यांची पिशवी उघडून शांतपणे विचारणारा माणूस लागतो. डॉक्टर आणि परिचारिका हे करू शकत नाहीत असे मी मुळीच म्हणत नाही, पण त्यांच्यावर त्याच वेळी आणखी दहा कामांचा भार असतो, आणि औषध हाच ज्याचा संपूर्ण विषय आहे असा माणूस त्याच इमारतीत उपलब्ध असतो.

हे केवळ फार्मासिस्ट मंडळींचे स्वप्न नाही. अमेरिकेतील डॉक्टर ल्युशियन लीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अतिदक्षता विभागातील राउंडमध्ये फार्मासिस्टला सामील करून घेतले होते. औषध लिहिण्याच्या टप्प्यावर होणारे, टाळता येण्याजोगे दुष्परिणाम दर हजार रुग्ण-दिवसांमागे १०.४ वरून ३.५ वर आले. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्यातला दुसरा आकडा: औषध लिहिण्याबाबत फार्मासिस्टने केलेल्या ३६६ सूचनांपैकी ३६२ डॉक्टरांनी मान्य केल्या. डॉक्टर आमचे ऐकत नाहीत, ही आमच्या व्यवसायातील कायमची तक्रार आहे. निर्णय होत असताना, रुग्णाची पूर्ण माहिती समोर ठेवून, नम्रपणे आणि नेमके बोलले तर ऐकले जाते, हे त्या आकड्यातून मला दिसते. औषध लिहून, पाठवून, निम्मे देऊन झाल्यावर येणारा फोन कुणालाही अडथळाच वाटणार.

आता जबाबदारीविषयी. हेप्लर आणि स्ट्रँड या औषधशास्त्राच्या अमेरिकी प्राध्यापकांनी १९९० साली फार्मासिस्टच्या कामाची जी मांडणी केली, तिचा गाभा असा होता की रुग्णाच्या आयुष्यात निश्चित सुधारणा व्हावी या हेतूने औषधोपचाराची जबाबदारी फार्मासिस्टने उचलावी. मांडणी जुनी झाली, पण आम्ही अजून तिच्या उंबरठ्यावरच घुटमळत आहोत. फोनवर ‘डॉक्टर, मात्रा थोडी जास्त वाटते, बघा’ एवढे सांगून फोन ठेवणे सोपे असते. तीच सूचना कारणासह, आपल्या सहीने आणि वेळेसह रुग्णाच्या कागदपत्रांत लिहिणे, दुसऱ्या दिवशी जाऊन रक्ताचा अहवाल पाहणे आणि आपला अंदाज चुकला असेल तर तेही तिथेच नोंदवणे, हे अवघड असते. कायद्याच्या भानगडीत सापडू, ही भीती मी अनेकांकडून ऐकली आहे आणि ती निराधार नाही. रुग्णालयाने लेखी अधिकार आणि संरक्षण दिल्याशिवाय हे काम कुणावर लादू नये. तथापि अधिकार मिळाल्यावरही सही टाळणाऱ्याला राउंडमध्ये जागा मागण्याचा हक्क राहत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

तारतम्याचाही प्रश्न आहे. संगणकाने दाखवलेली औषधांची एकमेकांवरची प्रत्येक आंतरक्रिया डॉक्टरांच्या कानावर घालणारा फार्मासिस्ट लवकरच कुणी न ऐकण्याच्या यादीत जातो. रक्त गोठू न देणारे वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाला मेट्रोनिडाझोल हे जंतुनाशक सुरू झाले, तर राउंड थांबवून बोललेच पाहिजे, कारण रक्त गोठण्याची क्षमता काही दिवसांत धोक्याच्या पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात चार तासांचे अंतर हवे, ही गोष्ट मात्र परिचारिकेशी बोलून वेळा बदलल्या की मिटते. हा फरक पुस्तक वाचून येत नाही, रोज वॉर्डात उभे राहिल्यानेच येतो.

याचा अर्थ औषधभांडार आणि वितरण हे दुय्यम काम आहे, असा कुणी घेऊ नये. तीव्र पोटॅशियम क्लोराईडच्या बाटल्या वॉर्डातल्या कपाटातून काढून भांडारात कुलूपबंद ठेवण्याचा निर्णय जिथे जिथे झाला, तिथे ते जीवघेणे ठरू शकणारे इंजेक्शन चुकून थेट शिरेत दिले जाण्याची शक्यताच कमी झाली. तेही रुग्णसेवेचेच काम आहे. अडचण अशी की एकाच माणसाकडून साठ्याची मोजणी, खिडकीवरची रांग आणि वॉर्डातली फेरी या तिन्हींची अपेक्षा केली जाते, आणि वेळ अपुरा पडला की सर्वांत आधी वॉर्ड सुटतो, कारण तिथे फार्मासिस्ट नसल्याची तक्रार कुणी करत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी हानी रोखण्याची मोहीम जाहीर केली, तेव्हा तीन बाबींवर भर दिला: जोखमीची परिस्थिती, एकाच रुग्णाला चालू असलेली अनेक औषधे, आणि रुग्ण एका ठिकाणाहून दुसरीकडे जातानाचा टप्पा. सगळ्या वॉर्डांना पुरेसे फार्मासिस्ट एका रात्रीत मिळणार नाहीत, हे उघड आहे. म्हणून मी सुरुवात तिसऱ्या बाबीपासून करीन: रुग्ण दाखल होताना घरच्या औषधांची यादी फार्मासिस्टने घ्यावी आणि घरी जाताना कोणते औषध नवे, कोणते बंद, कोणते किती दिवसांचे हे त्यानेच समजावून सांगावे. अतिदक्षता विभागात पोटाच्या रक्षणासाठी म्हणून सुरू झालेली आम्लरोधक गोळी काहीही कारण उरलेले नसताना महिनोन्महिने चालू राहते, ती इथेच थांबवता येते.

ज्या रुग्णालयांत फार्मासिस्ट नियमितपणे राउंडला जातात, तिथल्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे की त्या वेळात खिडकीवरचे काम कोण पाहते, तुमच्या सूचना कुठे आणि कोणत्या नमुन्यात नोंदवल्या जातात आणि व्यवस्थापनाची लेखी परवानगी कशी मिळवली, हे इथे लिहावे. आमच्याकडच्या प्रस्तावाचा मसुदा करताना नेमके हेच तीन मुद्दे अडले आहेत.