एसी पंप फेकून देण्याआधी

एसी पंप म्हणजे जुन्या गाड्यांत टाकीतले पेट्रोल कार्ब्युरेटरकडे (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे) पोहोचवणारा, इंजिनाच्या फिरण्यावर चालणारा यांत्रिक पंप; एअर कंडिशनरशी त्याचा संबंध नाही. जुन्या प्रीमियर पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसिडर बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: "उन्हात गाडी बंद पडली की एसी पंप गेला समजा, दोन नट काढून तो फेका, मिळेल तो इलेक्ट्रिक पंप जोडा, कटकट संपली." या सल्ल्यातले जवळपास प्रत्येक विधान तपासून पाहण्यासारखे आहे.

पहिले विधान निदानाचे. हा पंप तापलेल्या इंजिनालाच बसवलेला असतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढणाऱ्या बाजूला दाब कमी असल्याने पेट्रोल लवकर उकळते, नळीत वाफ अडकते आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. ओले फडके पंपावर ठेवून थोड्या वेळाने गाडी सुरू झाली, तर पंप शाबूत असण्याचीच शक्यता अधिक, कारण फाटलेला डायफ्रॅम (पंपातला, वरखाली होऊन पेट्रोल ओढणारा लवचिक पडदा) गार झाल्याने सांधला जात नाही. (तापल्यावर ठिणगीसाठी वीज पुरवणारी इग्निशन कॉइलही असाच दगा देते, म्हणून आधी स्पार्क पाहावा.) इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येणे किंवा पंपाच्या बुडाच्या छिद्रातून पेट्रोल ठिबकणे, ही मात्र डायफ्रॅम फाटल्याची खरी लक्षणे होत.

"दोन नट काढा" हे वरवर खरे आहे, पण नुकसान इथेच होते. बॅटरीची तार काढून, टाकीकडून येणारी नळी बुजवून, मग कॅमचा (इंजिनाबरोबर फिरून पंपाचा आर्म म्हणजे दांडा ढकलणाऱ्या भागाचा) उंचवटा आर्मपासून दूर जाईपर्यंत इंजिन हाताने फिरवावे. तसे न केल्यास स्प्रिंगच्या दाबाखाली नट ओढावे लागतात आणि पंपाची फ्लँज (ब्लॉकला टेकणारी सपाट कड) वाकते. पंप आणि ब्लॉक यांच्यामधली जाड पॅकिंग तर अनेकजण जुना कचरा समजून टाकून देतात. ती इंजिनाची उष्णता अडवते, शिवाय आर्मची चाल किती राहील हेही तीच ठरवते: पॅकिंग पातळ झाली तर आर्मवर आणि डायफ्रॅमवर नको तितका ताण येतो, जाड झाली तर पेट्रोल अपुरे पडते. म्हणून मूळ जाडीचीच पॅकिंग घालावी. बसवताना आर्म कॅमवर योग्य बाजूने टेकला आहे, याची खात्री नट आवळण्यापूर्वीच करावी. हाताने दाबूनही फ्लँज ब्लॉकजवळ येत नसेल तर नटांच्या जोरावर ती ओढू नये, आर्म तुटतो.

"फेका" हे तर उधळपट्टीचेच म्हणावे लागेल. उघडता येणाऱ्या पंपाचा डायफ्रॅम आणि व्हॉल्व्ह बदलता येतात. उघडण्यापूर्वी दोन्ही भागांवर खूण करावी आणि बंद करताना आर्म पूर्ण दाबून धरून स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी आवळावेत, म्हणजे डायफ्रॅम ताणलेला राहत नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, तेव्हा नव्या डायफ्रॅमबरोबर नळ्याही बदलणे शहाणपणाचे.

राहिला इलेक्ट्रिक पंप. टाकीजवळ बसवून पेट्रोल पुढे ढकलणारा पंप वाफेच्या त्रासावर खरोखर उपाय ठरतो, हे मान्य. "मिळेल तो" मात्र अजिबात नाही. कार्ब्युरेटरला साधारण 2 ते 4 पीएसआय (दाबाचे एकक) दाब पुरतो, तर इंजेक्शनच्या गाड्यांचे पंप 40 पीएसआयच्या आसपास दाब देतात. एवढ्या दाबापुढे कार्ब्युरेटरमध्ये येणारे पेट्रोल अडवणारा निडल व्हॉल्व्ह टिकत नाही आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट्रोल सांडते. इंजिन थांबले की यांत्रिक पंप आपोआप थांबतो. अपघातानंतरही इग्निशन चालू राहिले तर इलेक्ट्रिक पंप पेट्रोल ओतत राहतो. त्यामुळे त्याच्या वायरिंगमध्ये धक्का बसताच वीज तोडणारा स्विच घातल्याशिवाय तो जोडूच नये.