आठ फुटांपर्यंत मातीला आधार लागत नाही, हे कुणी सांगितलं?

‘पायाचा खर्च निम्मा करणाऱ्या पाच युक्त्या’ हा मेसेज सगळीकडे फिरतोय. काल तो मावसभावाने मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘ठेकेदार पण हेच म्हणतोय, करू ना?’ त्याच्या प्लॉटवर सोमवारी जेसीबी येणार आहे. नाही, करू नये. का ते सांगतो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: काळी माती चिवट असते, आठ फुटांपर्यंत खड्ड्याला आधार लागत नाही. तळातून पोखरलं की वरची माती आपोआप खाली येते आणि मजुरी वाचते. काढलेली माती काठावरच ठेवा, परत लोटायला सोपी. पीसीसी (तळाला टाकायचा साध्या काँक्रीटचा थर) आणि कव्हर ब्लॉक (सळया तळापासून उचलून धरणारे ठोकळे) म्हणजे फुकटचा खर्च, सळयांची जाळी विटांच्या तुकड्यांवर ठेवा आणि काँक्रीट पातळ करून ओता. दुसऱ्या दिवशी माती लोटा, पाणी मारायची गरज नाही.

यातल्या पहिल्या तीन युक्त्यांनी माणसं मरतात.

काळी माती ओलसर असताना सरळ उभी राहते, हे दिसतं तेवढं खरं आहे. पण खड्डा खोदला की तिचा एका बाजूचा आधार गेलेला असतो. उन्हाने कडा वाळते, आकसते, आणि काठापासून फूट-दीड फुटावर, काठाला समांतर अशी बारीक भेग पडते. सुरुवातीला तिच्यात नखही जात नाही. मग एक सर येते, भेगेत पाणी भरतं आणि ते पाणी पुढचा अख्खा थर खड्ड्याकडे रेटतं. 2 मीटर लांब, 2 मीटर उंच आणि अर्धा मीटर जाड थर धरला तरी 2 घनमीटर माती झाली, म्हणजे साधारण साडेतीन टन. खाली वाकून जाळी बांधणाऱ्या माणसाला मागे वळायलाही वेळ मिळत नाही. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस डोकं बाहेर असूनही गुदमरू शकतो. त्याने श्वास सोडला की माती आणखी आवळते आणि पुढचा श्वास घ्यायला छाती फुगत नाही.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची सुरक्षा संहिता याबाबत अगदी स्पष्ट आहे. खोली 1.5 मीटर, म्हणजे पाच फूट किंवा जास्त असेल, तर बाजू पायऱ्या काढून उतरत्या करायच्या किंवा लाकडी आधाराने पक्क्या धरायच्या. खोदाई वरून खाली करायची, आणि खालून पोखरणं कोणत्याही परिस्थितीत करायचं नाही. काढलेली माती काठापासून 1.5 मीटर किंवा खोलीच्या निम्मं, यातलं जे जास्त असेल तेवढी लांब टाकायची. 1.2 मीटरपेक्षा खोल चरात दर 30 मीटरला एक शिडी हवी आणि ती जमिनीच्या वर 90 सेंटिमीटर आलेली हवी. मेसेजमधल्या पहिल्या तिन्ही युक्त्या याच्या थेट उलट आहेत. पोखरून माती पाडणं म्हणजे तर डोक्यावर दरड स्वतःच्या हाताने तयार करणं आहे.

काळ्या मातीत उतार ठेवायचा तर जितकी खोली तितकं बाजूला जायचं. भरावात किंवा वाळूत दीडपट. प्लॉट लहान असेल तर हे जमत नाही, मग उभ्या फळ्या, त्यांना आडवे वासे आणि समोरासमोर टेकू. आधार वरून खाली लावत जायचा आणि काढताना भराव वर येईल तसा खालून काढायचा. रोज सकाळी आणि प्रत्येक पावसानंतर कोणी खाली उतरण्याआधी काठावर भेग, तळाशी फुगवटा, पाझर आणि सुटून पडणारे खडे बघायचे. यातलं एकही दिसलं तरी खाली कोणी उतरायचं नाही.

अखंड खडकात बाजू सरळ ठेवता येतात आणि कडक मुरूमही बरीच साथ देतो, एवढं मान्य. पण बहुतेक प्लॉटवर मुरूम तळाला लागतो आणि वर चार फूट काळी माती किंवा जुना भराव असतो. पडतो तो वरचा थर. शेजारी कंपाउंडची भिंत असेल तर आणखी जपायला हवं. 29 जून 2019 ला पुण्यात कोंढव्याला मुसळधार पावसात, शेजारी बांधकामाची खोदाई झालेली असताना, सोसायटीची भिंत खालच्या मजुरांच्या शेडवर कोसळून 15 जण गेले.

आणि माती कोसळलीच, तर इतरांनी खाली उड्या मारायच्या नाहीत. दुसरा थर लगेच येऊ शकतो. 112 ला फोन करायचा. गाडलेल्या माणसाजवळ जेसीबीचा बकेट न्यायचा नाही, त्याला हात धरून ओढायचं नाही.

उरलेलं भराभर सांगतो. पीसीसीचा 75 ते 100 मिलिमीटरचा थर नसेल तर जाळी चिखलात बसते. विटेचा तुकडा ओल शोषून थेट सळईपर्यंत पोचवतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे फुटिंगला (कॉलमखालच्या पायाला) किमान 50 मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईच्या बाहेर काँक्रीटचा थर लागतो. पातळ काँक्रीट म्हणजे कच्चं काँक्रीट: जमिनीत गाडलेल्या कामाला एम 25 दर्जाचं काँक्रीट धरतात, त्यात सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीला सगळं मिळून 25 लिटरपेक्षा जास्त पाणी नको. खडी-वाळूतली ओलही त्यातच मोजायची. काँक्रीट नीट बसायला व्हायब्रेटर आहे. ओतणाऱ्यांना गमबूट आणि रबरी हातमोजे द्या, ओल्या सिमेंटने कातडी भाजते. कॉलमच्या उभ्या सळयांवर टोप्या बसवा, काठावरून पाय घसरला तर माणूस त्यांच्यावरच पडतो.

खड्ड्यात साचलेल्या पाण्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. डिझेलचा किंवा पेट्रोलचा पंप खड्ड्यात उतरवायचा नाही. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड खड्ड्यात साठतो आणि त्याला वास नसतो. विजेचा पंप असेल तर 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा, आणि माणूस पाण्यात उतरण्याआधी पंप बंद.

शेवटच्या युक्तीत अर्धं खरं आहे. ओल्या मातीखाली काँक्रीट लवकर वाळत नाही. पण एका रात्रीत ते पुरेसं कडकही होत नाही, आणि एका बाजूने जेसीबीने माती लोटली की कॉलमच्या सळया कलतात. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस पाणी मारायचं, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) किमान 10, आणि कडक उन्हाळ्यात कोणत्याही सिमेंटला 10 पेक्षा कमी नाही. गोणीवर काय लिहिलंय ते वाचा. सध्या दुकानात मिळते ती बहुतेक पीपीसीच असते. त्यानंतर चारही बाजूंनी सारखी, 20 सेंटिमीटरच्या थरांनी, धुमसाने ठोकत माती भरा.