दाढी बघून वय सांगणाऱ्यांसाठी

१८ मे २०२५ला कैरोत दक्षिण आफ्रिकेच्या वीस वर्षांखालच्या संघानं मोरोक्कोला १-० हरवलं आणि या वयोगटातला आफ्रिकेचा करंडक पहिल्यांदाच उचलला. गोमोलेमो केकानानं लांबून मारलेला गोल मी मोबाइलवर चार वेळा बघितला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या फुटबॉलच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. तेव्हापासून तो वेगवेगळ्या ग्रुपांवरून माझ्याकडे फिरून फिरून येतोय. काल पुन्हा आला, म्हणून एकदाचं बसून लिहितोय.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: ‘आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या ज्युनियर स्पर्धा म्हणजे वय चोरणाऱ्यांचा बाजार. पंचविशीतले बाप्ये अठराचे म्हणून उतरवतात. एमआरआय लावला की निम्मे घरी जातील. गोव्यात आलेल्या त्यांच्या सतरा वर्षांखालच्या टीमला दाढ्या होत्या, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. म्हणूनच ही पोरं मोठेपणी गायब होतात. तिकडच्या स्पर्धा म्हणजे सहल, आपली पोरं पाठवून पैसे घालवू नका.’

मी कोल्हापुरात तेरा वर्षांखालच्या मुलांना शिकवतो. वयाच्या भानगडी मला नवीन नाहीत, त्यामुळे आधी खरं आहे ते कबूल करतो. आफ्रिकेत वय चोरलं जातं. २००९ साली नायजेरियात सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला, त्याच्या आधी एमआरआय तपासणीत यजमानांचेच पंधरा खेळाडू बाद झाले. २०२३च्या सुरुवातीला कॅमेरूनच्या सतरा वर्षांखालच्या शिबिरातल्या ३० पैकी २१ जणांना तपासणीनंतर घरी पाठवलं. तेही त्यांच्याच फुटबॉल संघटनेनं, सॅम्युएल एटो अध्यक्ष असताना. हे लपवण्यासारखं नाही आणि कुणी लपवलंही नाही.

पण नायजेरिया पश्चिम आफ्रिकेत आहे आणि कॅमेरून मध्य आफ्रिकेत. मेसेज बोलतोय दक्षिणेबद्दल. काठमांडूत काही झालं म्हणून कोलंबोला जाब विचारावा, तसला हा प्रकार. दक्षिणेची स्वतःची वेगळी संघटना आहे, कोसाफा. १९९७ साली स्थापन झालेली, चौदा सदस्य देश: दक्षिण आफ्रिका, झांबिया, झिम्बाब्वे, मोझांबिक, अंगोला, नामिबिया, बोत्स्वाना, मलावी, लेसोथो, एस्वातिनी, शिवाय मादागास्कर, मॉरिशस, सेशेल्स आणि कोमोरोस ही बेटं. तिच्या वयोगटाच्या स्पर्धा आता आफ्रिकेच्या मुख्य स्पर्धेची पात्रता फेरी म्हणूनही खेळल्या जातात. मेसेज ज्याला बाजार म्हणतो, त्यात माल म्हणजे एवढाच: पुढच्या फेरीची तिकिटं.

आणि हा रोग काळ्या कातडीचाच आहे असं वाटत असेल तर मेक्सिकोची आठवण करून देतो. १९८८ साली वीस वर्षांखालच्या पात्रता स्पर्धेत जास्त वयाचे खेळाडू खेळवले म्हणून फिफानं मेक्सिकोच्या सगळ्याच संघांवर दोन वर्षांची बंदी घातली. त्यापायी त्यांचा १९९०चा विश्वचषक गेला. मेक्सिकन पोरं जिंकली की ‘दाखले बघा’ असा मेसेज आपल्याकडे फिरत नाही.

आता एमआरआय. मेसेजमधलं हे वाक्य सगळ्यात ठसक्यात लिहिलंय आणि तेच सगळ्यात कच्चं आहे. तपासणी मनगटाची होते. कोपरापासून अंगठ्याच्या बाजूला येणाऱ्या हाडाच्या खालच्या टोकाशी वाढीची एक चकती असते. वाढ पुरी होत येते तशी ती हाडात विरघळत जाते. किती विरघळली, यावरून सहा पायऱ्या केल्यात. सहावी म्हणजे चकतीचा मागमूस नाही. फिफाच्या डॉक्टरांनी २००७ साली जो अभ्यास छापला, त्यात स्वित्झर्लंड, मलेशिया, अल्जीरिया आणि अर्जेंटिना या चार देशांतली चौदा ते एकोणीस वयाची ४९६ मुलं होती. सतराच्या आतल्या मुलांत सहावी पायरी शंभरात एकालाही दिसली नाही. म्हणून नियम झाला: सतरा वर्षांखालच्या स्पर्धेत कुणाची चकती पूर्ण विरघळलेली दिसली, तर तो बाहेर.

यातून दोन गोष्टी निघतात आणि त्या दोन्ही बाजूंना बोचणाऱ्या आहेत. एक, ही तपासणी वय सांगतच नाही. ज्याची चकती उशिरा विरघळते असा अठरा वर्षांचा मुलगा आरामात पास होतो. म्हणजे ‘एमआरआय पास आहे, आता बोलू नका’ असं आफ्रिकेच्या बाजूनं कुणी म्हणालं, तर तेही चूक. दोन, ही तपासणी सतरा वर्षांखालच्यांसाठी आहे. कैरोत जिंकलेला संघ वीसखालचा होता. खऱ्याखुऱ्या एकोणीस वर्षांच्या कित्येक मुलांची चकती विरघळलेलीच असते, मग तो जोहान्सबर्गचा असो नाहीतर जयसिंगपूरचा. तेव्हा त्या संघाला ‘एमआरआय लावला की निम्मे घरी जातील’ हे खरंसुद्धा ठरेल. आणि त्यातून काहीही सिद्ध होणार नाही. आपल्या विद्यापीठाच्या टीमला लावून बघा.

मग कागदपत्रांचं काय? इथं मला जरा थांबायचंय, कारण कागदाच्या बाबतीत आपण कुणाला शिकवावं अशी आपली अवस्था नाही. माझ्या वडिलांचा वाढदिवस १ जून. चुलत्यांचा १ जून. वडिलांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा १ जून. गुरुजींनी शाळेत नाव घालताना जून गाठला आणि वर्ष अंदाजानं टाकलं. यात कुणी वय चोरलं नव्हतं, जन्माची नोंदच नव्हती. झांबियात २०१८च्या पाहणीत पाच वर्षांखालच्या शंभर मुलांत जेमतेम चौदा जणांची जन्मनोंद झालेली आढळली. तिथल्या खेड्यातल्या पोराचा दाखला उशिरा आणि अंदाजानं बनतो, हे उघड आहे. अशा कागदाचा गैरफायदा घेणारा प्रशिक्षक तिथं भेटेल, तसा इथंही भेटतो. मला भेटलेत. पण अंदाजी कागद म्हणजे लबाडीचा कागद, हा नियम लावायचा तर पहिला मान माझ्या वडिलांचा.

माझ्याकडे एक मुलगा आहे. बारा पूर्ण व्हायचाय, उंची माझ्या कानाला लागते, ओठावर काळसर लव. त्याची आई प्रत्येक मॅचला निळ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दवाखान्याचा कागद, महापालिकेचा दाखला, आधार आणि शाळेचा बोनाफाइड घेऊन येते. पावसाळ्यात फोल्डरवर आणखी एक दुधाची पिशवी चढवते. पोरानं गोल मारला की समोरच्या पालकांतून हमखास आवाज येतो, ‘ए, त्याला मुलं किती हाय विचार!’ सगळे हसतात. तो पोरगा त्यानंतर दहा मिनिटं बॉल मागत नाही. आणि संध्याकाळी त्याच पालकांपैकी कुणीतरी हा आफ्रिकेचा मेसेज ग्रुपवर टाकतो. मला हे उत्तर लिहावंसं वाटलं त्याचं खरं कारण हे.

दाढीचं गोव्याचं प्रकरण यालाच लागून. हे सांगणारा माणूस बहुधा ऑक्टोबर २०१६च्या ब्रिक्स स्पर्धेबद्दल बोलतोय. सतरा वर्षांखालची ती स्पर्धा बांबोळीच्या मैदानावर झाली. ब्राझील, रशिया, चीन, दक्षिण आफ्रिका आणि आपण. दक्षिण आफ्रिकेची पोरं अंतिम सामन्यात पोचली आणि तिथं ब्राझीलकडून ५-१ अशी मार खाऊन परतली. पंचविशीतले दाढीवाले बाप्ये होते म्हणता, तर ब्राझीलच्या शाळकरी पोरांनी त्यांना पाच कसे घातले? (हरले म्हणजे वय खरं, हाही काही पुरावा नव्हे, मला कळतं. पण दाढीपेक्षा वाईटही नाही.) चौदाव्या वर्षी दाढी येणारा आणि अठराव्या वर्षी गाल गुळगुळीत असणारा, दोघेही एकाच गल्लीत राहतात.

‘मोठेपणी गायब होतात’ हा मुद्दा मात्र मी मान देऊन घेतो, कारण यात अर्धं सत्य आहे.

२०१७ साली झांबियानं वीसखालची आफ्रिकी स्पर्धा घरच्या मैदानांवर, लुसाका आणि एन्डोलात, भरवली आणि अंतिम सामन्यात सेनेगलला २-० हरवून जिंकली. दोन गोल दोघांचे: पॅट्सन डाका आणि एडवर्ड चिलुफ्या. प्रशिक्षक बेस्टन चांबेशी. दोनच महिन्यांनी दक्षिण कोरियात विश्वचषकात याच संघानं पोर्तुगालला २-१, इराणला ४-२ आणि जादा वेळेत जर्मनीला ४-३ हरवलं. उपांत्यपूर्व फेरीत इटलीनं त्यांना गाठलं, पुन्हा जादा वेळेतच, ३-२. तेव्हाही ‘एवढी तगडी पोरं वीसची कशी?’ हे बोललं गेलंच.

मग ती गायब झाली का? डाका आणि एनॉक म्वेपू साल्झबर्गला गेले आणि २०२१ साली दोघेही इंग्लंडला, एक लेस्टरमध्ये, दुसरा ब्रायटनमध्ये. डाकानं त्याच ऑक्टोबरमध्ये मॉस्कोत स्पार्टाकला एका सामन्यात चार गोल घातले. फॅशन सकाला रेंजर्सकडून युरोपात खेळला. म्वेपूची कारकीर्द २०२२ला संपली खरी, पण ती हृदयाच्या आनुवंशिक दोषानं. चोवीस वर्षांचा होता, ब्रायटनच्या डॉक्टरांनी खेळणंच बंद करायला सांगितलं. त्याला ‘गायब’च्या यादीत घालणाऱ्यानं जरा जिभेला हाड ठेवावं. आणि डाका? मेसेजच्या हिशेबानं २०१७ला तो पंचवीसचा असेल, तर आज चौतिशीकडे झुकलेला असायला हवा. डिसेंबर २०२५मध्ये मालीविरुद्ध ९२व्या मिनिटाला त्यानं झेपावून हेडरनं बरोबरी साधली, मग आनंदात कोलांटी मारायला गेला आणि पाठीवरच आदळला. कोलांटी फसली, मान्य. गोल झाला.

अर्धं सत्य कुठलं? ही पिढी एवढी चमकली तरी झांबियाचा मोठा संघ २०१७, २०१९ आणि २०२१ अशा लागोपाठ तीन आफ्रिकी स्पर्धांना पात्रच ठरला नाही. हे अपयश आहे. पण कारण हाडात शोधायची गरज नाही. तिथं सतरा-वीसच्या वयात सामने मिळतात, त्यानंतरची पायरी मोडकी आहे. ज्याला युरोपचा करार मिळाला तो सुटला. उरलेले अशा स्थानिक लीगमध्ये परततात जिथं पोट भरण्याइतका पैसा फार थोड्यांना मिळतो. आपल्याकडे शालेय फुटबॉल गाजवणारी पोरं विशीत दुकान सांभाळायला बसतात, तेव्हा आपण त्यांना वयचोर म्हणत नाही. घरची परिस्थिती, म्हणतो.

शेजारचं उदाहरण उलटं आहे. १९९७ला दक्षिण आफ्रिकेचा वीसखालचा संघ मोरोक्कोत उपविजेता ठरला. त्यातला बेनी मॅकार्थी सात वर्षांनी पोर्तोकडून चॅम्पियन्स लीग जिंकला. २०१७च्या वीसखालच्या विश्वचषकातला टेबोहो मोकोएना आज मोठ्या संघाच्या मधल्या फळीचा कणा आहे. तो मोठा संघ पात्रता फेरी खेळून, २००२नंतर पहिल्यांदाच, २०२६च्या विश्वचषकाला पात्र ठरला. कैरोतल्या उपांत्य सामन्यात नायजेरियाला बाद करणारा गोल बचावपटू टायलन स्मिथचा. तो त्यानंतर लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्समध्ये गेला.

या स्पर्धांत खरं तर बघण्यासारखं वेगळंच आहे. २०१७ला किटवेत झालेल्या कोसाफाच्या वीसखालच्या स्पर्धेचा अंतिम सामना लेसोथो खेळला. लेसोथोची लोकसंख्या तेवीस लाखांच्या आसपास. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची २०११च्या जनगणनेत अडतीस लाखांवर होती. २०२०ला करोनाच्या धामधुमीत नेल्सन मंडेला बे इथं मोझांबिकनं नामिबियाला १-० हरवून तीच स्पर्धा जिंकली आणि दोघेही पुढच्या वर्षी मॉरिटानियात आफ्रिकेची मुख्य स्पर्धा खेळले. फुटबॉलच्या जगात ज्यांची नावं कुणी घेत नाही, त्यांच्या पोरांनाही शेजाऱ्यांशी राष्ट्रीय जर्सीत, निकालाला किंमत असलेले सामने खेळायला मिळतात.

राहता राहिला ‘सहली’चा मुद्दा. कोसाफाच्या स्पर्धेत आपल्या अकादमीनं पैसे भरून जाण्याचा प्रश्नच येत नाही, तिथं देशांचे संघ खेळतात. निमंत्रणाच्या क्लब स्पर्धा वेगळ्या. केप टाउनला ईस्टरच्या सुट्टीत होणारी बेहिल स्पर्धा त्यातली जुनी, एकोणीस वर्षांखालची, बेल्हारच्या मैदानावर. स्थानिक लोक ती जत्रेसारखी बघतात. पण तुमच्याकडे ‘आंतरराष्ट्रीय स्पर्धा, साउथ आफ्रिका, जागा मर्यादित’ असं पत्रक घेऊन कुणी आलं, तर जरूर संशय घ्या. किती सामने हमखास मिळणार, समोर कोण, पंच कुणाचे, वय कोण तपासणार, हे लिहून मागा. एवढं विचारल्यावर बरीच पत्रकं आपोआप खिशात परत जातात. तो संशय सहल विकणाऱ्यावर ठेवा, समोरून खेळणाऱ्या पोरांवर नको.

हिवाळ्यात शाहू स्टेडियमवर पेठेच्या टीममधल्या आफ्रिकी खेळाडूनं गोल मारला की याच ग्रुपवर ‘आपला वाघ’ म्हणून व्हिडिओ येतात. त्याचं वय आजवर कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

रविवारी सकाळी आठला आमची मॅच आहे. निळं फोल्डर येणारच. पहिल्यांदा ते मी पंचांपुढे ठेवणार आणि मग, हसायची उबळ यायच्या आत, समोरच्या पालकांपुढे.