पासष्ट लिटरची शेती

माझ्या हातून आजवर एकच वनस्पती जोमाने वाढलेली आहे, ती म्हणजे शेवाळ. मनी प्लांट चोरून आणला तरच वाढतो म्हणतात, म्हणून तो मी ऑफिसमधून रीतसर चोरून आणला. गेला. तुळस आमच्याकडे दर पावसाळ्यात नवी येते आणि दिवाळीपर्यंत काडी होते. अशा माणसाने पाण्याखाली बाग लावायचं ठरवलं.

त्याला कारण ताकाशी अमानो. हे जपानी गृहस्थ आधी व्यावसायिक सायकलपटू, मग छायाचित्रकार, आणि शेवटी काचेच्या टाकीत डोंगर, कुरणं, अख्खी जंगलं उभी करणारे कलावंत. २०१५ साली ते वारले. त्याच वर्षी लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी केलेलं पाण्याखालचं जंगल लोकांसाठी खुलं झालं. त्याची लांबी ४० मीटर. मी त्याचे फोटो रात्री साडेअकराला पाहिले आणि सकाळी हॉलमधलं शोकेस मोजायला घेतलं.

शोकेसच्या जागी दोन फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच टाकी बसली. माती-दगड वजा जाता पाणी साधारण पासष्ट लिटर.

"मासे कुठले आणणार?" बायकोने विचारलं.

"मासे नंतर. आधी झाडं."

"मग कुंडी आण ना."

या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

कुर्ल्याच्या रविवारच्या माशांच्या बाजारातून झाडं आणली. ॲनुबियास, क्रिप्टोकोरीन, रोटाला, बकोपा. नावं अशी की घरी येईपर्यंत आपण वनस्पतीशास्त्रज्ञ झालेलो असतो. ॲनुबियासचं आडवं खोड मी नीट मातीत पुरलं, आणि ते पुरलं की कुजतं हे ते कुजल्यावर कळलं. क्रिप्टोकोरीनने जागा बदलल्याचा राग धरला. चार दिवसांत तिची सगळी पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळली. मी मुळासकट उपटून टाकली. नंतर वाचलं की ती असंच करते, पानं टाकते आणि मुळातून पुन्हा फुटते, फक्त तिला हात लावायचा नसतो. म्हणजे माझ्या हातून दोन झाडं गेली, एक पुरल्यामुळे आणि दुसरं उपटल्यामुळे.

राहिल्या रोटाला आणि बकोपा. त्यातली बकोपा आईने ओळखली.

"अरे, ही तर ब्राह्मी! आमच्या माहेरी विहिरीच्या पाटाला हीच असायची."

खरी ब्राह्मी कुठली, ही की मंडूकपर्णी, हा वाद जुना आहे. पण बकोपा मोनिएरीला जलब्राह्मी म्हणतात एवढं नक्की. मी शंभर रुपयांना चार काड्या आणल्या होत्या. आईला किंमत ऐंशीने कमी करून सांगितली, तरी ती तासभर बोलत होती.

आता शेवाळ.

पहिल्या पंधरवड्यात टाकीभर तपकिरी भुकटी बसली. दगडावर, पानावर, काचेवर, जणू कोणी चहाची पूड उधळली होती. नव्या टाकीत हे होतंच म्हणतात, आणि खरंच, पुसलं की जातं, काही आठवड्यांनी आपोआपही जातं. ती गेली म्हणून मी पेढे आणणार होतो, तेवढ्यात काचेवर हिरवे ठिपके आले. हे पुसून जात नाहीत, दाढीच्या ब्लेडने खरवडावे लागतात. मग केसांसारखं लांबलचक हिरवं शेवाळ आलं. त्यावर जुना टूथब्रश घालून गोल फिरवायचा, की ते शेवयांसारखं गुंडाळून येतं. यात एक विलक्षण समाधान आहे, हे मी कबूल करतो. एकदा मी तंद्रीत चालू वापरातला टूथब्रश घातला. कोणाचा, ते इथे लिहीत नाही. ज्याचा होता त्या व्यक्तीला अजून माहीत नाही.

आणि सगळ्यात शेवटी काळी दाढी. इंग्रजी नावाचा अर्थ तोच होतो. ॲनुबियासच्या दुसऱ्या रोपाच्या पानाकडेला एका सकाळी बारीक काळ्या केसांचा झुबका दिसला, दोन दिवस न केलेल्या दाढीइतका. मला तो चक्क आवडला. आठवड्याने प्रत्येक पानाला कल्ले फुटले. ओढून निघत नाही, खरवडलं तर पान फाटतं, पण दाढी जागची हलत नाही. गंमत म्हणजे दिसायला काळं असलं तरी शास्त्राच्या हिशेबात हे लाल शेवाळ. मरताना खरा रंग दाखवतं, गुलाबी होतं.

मारायचं कसं, तर तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, ज्याने जखम धुतात. केमिस्टकडे बाटली आणि सुई नसलेली सिरिंज मागितली.

"कुठे लागलंय?"

"पानाला."

त्याने मुकाट्याने सुट्टे दिले. फिल्टर बंद करून झुबक्यावर थोडं थोडं सोडायचं, की तो बुडबुड्यांनी फसफसतो. दुसऱ्या दिवशी दाढी गुलाबी. मी घरातल्या प्रत्येकाला ओढून आणून दाखवली. मुलगी म्हणाली, "बाबा, क्यूट आहे. राहू दे ना." राहू दे म्हणायची गरज नव्हती, पंधरा दिवसांत नवी काळी आली.

मधल्या काळात एका दुकानदाराने मला शेवाळ खाणारे मासे विकले. पहिला 'अल्गी ईटर'. तो लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाला की त्याचा कंटाळा करतो आणि दुसऱ्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा चिकटा चाटत बसतो. म्हणजे शाळा संपल्यावर त्याने काम सोडलं. दुसरा 'सकर'. बोटाएवढा होता. हा फूटभर होतो, कधी त्याहून मोठा, हे दुकानात सांगत नाहीत. दोन फुटांच्या टाकीत फूटभर मासा म्हणजे वन रूम किचनमध्ये म्हैस. शिवाय खातो त्याच्या दामदुप्पट घाण करतो, आणि त्या घाणीवर शेवाळ वाढतं. त्याला मी मोठी टाकी असलेल्या एका ओळखीच्यांकडे पोचवलं. ठाणे हे तलावांचं शहर, पण सकरला तलावात सोडायचा विचारही करू नये. सोडलेल्या सकरांनी देशभरातल्या नद्यांत आधीच संसार थाटलेत.

"प्लास्टिकची झाडं लाव," बायको म्हणाली. हट्टाने एक आणलंही. त्याच्यावरही शेवाळ वाढलं. इतकं छान वाढलं की पाहुणे त्यालाच खरं समजत.

मग कोणीतरी सांगितलं, झाडं अशक्त म्हणून शेवाळ शिरजोर. झाडांना कार्बन डायऑक्साइड पाहिजे. हवेतून तो पाण्यात पुरेसा उतरत नाही, बाहेरून द्यावा लागतो. सिलिंडर आणि रेग्युलेटरची किंमत ऐकून माझं तोंड माशासारखं उघडलं आणि मिटलं. गरिबांचा उपाय असा: कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, त्यात कोमट पाणी, दोन वाट्या साखर, पाव चमचा यीस्ट. बुचाला भोक पाडून नळी टाकीत. यीस्ट साखर खातं, बुडबुडे येतात, झाडं तृप्त होतात. बाटली गळ्यापर्यंत भरायची नसते, आणि फेस अडवायला मध्ये एक रिकामी बाटली जोडायची असते. हे दोन्ही मला संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी समजलं. साडेपाचला फेस नळीतून चढून टाकीत उतरला, टाकी ताकासारखी झाली आणि हॉलभर आंबूस वास पसरला. तिळगूळ घेताना एक काकू नाक वर करून थांबल्या.

"ते झाडांचं आहे," बायको म्हणाली.

काकूंनी आमच्या तुळशीच्या काडीकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. नंतर बरेच दिवस लिफ्टमध्ये त्या माझ्यापासून एक पाऊल लांब उभ्या राहायच्या.

दर रविवारी अर्धं पाणी बदलायचं, म्हणजे बादल्या. आमच्याकडे पाणीकपात नेमकी रविवारी लागली की मी सोसायटीत कोणाच्या नजरेला नजर देत नसे. टाकीतून काढलेलं पाणी बायको गॅलरीतल्या मोगऱ्याला घालायची. जन्मात चार फुलं न दिलेला तो मोगरा त्या उन्हाळ्यात असा फुलला की तिने गजरे केले. याचा अर्थ खत टाकीत भरपूर होतं. फक्त ते खाणारं कोणी नव्हतं.

हा अर्थ मला तेव्हा लागला नाही. तो लावला मामांनी.

मामा निफाडचे, द्राक्षबागायतदार. डोळ्यांच्या डॉक्टरकडे आले होते. मोतीबिंदूचा डोळा मिटून, दुसऱ्याने ते टाकीसमोर दहा मिनिटं बसले. मी अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट असं सगळं चक्र समजावून सांगितलं. ते संपेपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

"लाईट किती टाइम ठेवतो?"

"अकरा तास."

"का? नाईट शिफ्ट लावली का झाडांना?"

मी काही बोललो नाही.

"आणि झाडं किती हाये ही? सात? एवढ्या रानात सात काड्या? अरे भाऊ, हे शेवाळ नाही, तण हाये. मोकळं रान दिसलं की तण येणारच. पीक दाट लाव. सावली पडली की तण दबतं. आम्हाला द्राक्षावर भुरी, तुला दाढी. एवढाच फरक."

मग खताची चौकशी झाली. मी दुकानातली इवलीशी परदेशी बाटली दाखवली. मामांनी चष्मा काढून, बाटली डोळ्याशी नेऊन मागचा बारीक मजकूर वाचला आणि हसायला लागले. ठसका लागेपर्यंत हसले. आईने पाणी आणलं.

"हे तर तेरा-झिरो-पंचेचाळीस. आणि हे झिरो-बावन-चौतीस. पाण्यात कालवून दिलंय तुला!"

पोटॅशियम नायट्रेट आणि मोनो पोटॅशियम फॉस्फेट. निफाडला ड्रिपमधून द्राक्षाला जातं तेच. मी ज्या थेंबांसाठी ड्रॉपर वापरत होतो, ते मामांच्या शेडमध्ये पंचवीस किलोच्या गोणीत होतं. आठवड्याने त्यांनी ओळखीच्या माणसाबरोबर दोन्ही एकेक किलो पाठवलं. माझ्या टाकीला लागतं चिमूटभर. मी वजनकाट्यावर हिशेब केला. तेरा-झिरो-पंचेचाळीस मला नऊ वर्षं पुरेल. झिरो-बावन-चौतीस चाळीस वर्षं. माझं वय ४४ आहे. मृत्युपत्रात त्याची सोय करावी लागेल.

लाईट सहा तासांवर आणला. टायमर लावला, कारण माझ्यावर माझाच भरवसा नाही. आणि शोभेची झाडं सोडून, सरसर वाढणारी स्वस्तातली सगळी आणली. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, लिम्नोफिला. जुडीच्या भावात, टाकीचा तळ दिसेनासा होईपर्यंत दाटीवाटीने लावली. फॉस्फेट द्यायला मला भीती वाटत होती, कारण त्याने शेवाळ वाढतं असं कुठेतरी वाचलं होतं. झालं उलटंच. काचेवरचे हिरवे ठिपके येणं कमी झालं.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी लाईट लागून तीन तास झाले होते, आणि मला पानांच्या कडेला मोती दिसले. ऑक्सिजनचे बुडबुडे. पाणी ऑक्सिजनने तृप्त झालं की तो पानावरच मण्यासारखा साठतो, मग सुटून सरळ वर जातो. हायड्रिलाच्या एका तुटक्या काडीतून तर टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे एकामागे एक, माळ ओवल्यासारखे निघत होते. मी खुर्ची ओढून बसलो. ऑफिसची मीटिंग चालू होती, कॅमेरा बंद होता. कोणीतरी माझं नाव घेत होतं.

त्यानंतर छाटणी सुरू झाली. मामांची वर्षातून दोनदा, एप्रिलची आणि ऑक्टोबरची. माझी दर रविवारी. कापलेलं एवढं निघतं की परातीत मावत नाही. तलावात, नाल्यात टाकायचं नाही, हे आपण आधीच ठरवलंय. मग वाटायला सुरुवात केली. आधी मित्रांना, मग मजल्यावर, मग सोसायटीच्या ग्रुपवर 'पाणवनस्पती मोफत'. गावाकडे ज्याच्या घरी आळू माजतो त्याच्याकडे शेजारी जसे बघतात, तसे लोक माझ्याकडे बघू लागले. हातात पिशवी दिसली की दारं लागतात. हळदीकुंकवाच्या काकूंनी मात्र एक जुडी नेली, वास घेऊन.

ब्राह्मीची सोय आईने लावली. दर पंधरा दिवसांनी ती टाकीच्या झाकणाखाली हात घालते आणि मूठभर शेंडे खुडून खोबरेल तेलात उकळते. तिचे केस चांगले झाले असं ती म्हणते. रोपही दाट होतं, शेंडा खुडला की त्याला दोन फुटतात.

आता काच स्वच्छ आहे, दगड स्वच्छ आहेत, दाढी कुठेही नाही. अडचण नवीनच आहे. झाडांची जोड म्हणून मध्यंतरी मी चार ओटो आणले. ओटोसिंक्लस, दोन इंचांच्या आतले, गरीब स्वभावाचे, काचेला तोंड लावून दिवसभर शेवाळ चाटणारे. आणि चाटायला काही उरलेलं नाही. पोटं खपाटीला गेली आहेत. उकडलेली काकडी टाकली, एकाने वास घेतला आणि पाठ फिरवली. पालक टाकला, तो टाकीतल्या बाकीच्या माशांनी संपवला. ओटो काचेवर त्याच त्याच जागी तोंड फिरवत राहतात, कोणी वाढत नाही म्हणून रिकामं ताट पुसणाऱ्या पाहुण्यासारखे.

यावर जाणकारांचा उपाय असा की बरणीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात गुळगुळीत दगड ठेवायचे, बरणी उन्हात ठेवायची. दगडांवर शेवाळ धरलं की ते दगड ओटोंपुढे वाढायचे. लोणच्याची मोठी बरणी घेतली, नदीतले पाच दगड घातले आणि गॅलरीत मोगऱ्याशेजारी ठेवली. मी रोज सकाळी चहा घेऊन जातो आणि एकेक दगड उलटून बघतो.

आज बारावा दिवस. दगड लखलखीत आहेत.

संध्याकाळी मामांना फोन करणार आहे. बारा-एकसष्ट टाकावं का, विचारतो.